पहिला कंदील बिघडतो कशाने?

सहामाही परीक्षा संपली की घराघरांत कार्डशीट, कात्री आणि गोंदाची बाटली बाहेर निघते. आठ-नऊ वर्षांचे मूल आयुष्यातला पहिला आकाशकंदील करायला बसते. तासाभरात कागदाला सुरकुत्या पडतात, पट्ट्या एका अंगाला लोंबू लागतात आणि घरातले कोणीतरी सहज बोलून जाते, “हिच्या हातात कलाच नाही.”

हस्तकलेबद्दलच्या सगळ्या गैरसमजांत हा सर्वांत जास्त नुकसान करणारा आहे. मुलीच्या हातून तो कंदील बिघडण्याची कारणे बहुतेक वेळा कागदात, गोंदात आणि कात्रीत सापडतात. ती तिला आधी कोणी सांगितलेली नसतात.

सुरुवात कागदापासून करू. कागद सगळीकडून सारखाच, असे आपण धरून चालतो. पण यंत्रावर कागद तयार होतो तेव्हा ओला लगदा वेगाने पुढे सरकत असतो आणि त्यातले बहुतेक तंतू त्या सरकण्याच्या दिशेने लांबट पसरतात. म्हणून कापडाला जसा उभा-आडवा धागा, तशी कागदालाही दिशा असते. घरात आलेले वर्तमानपत्र रद्दीत टाकण्याआधी वरून खाली फाडून पाहावे. पट्टी बऱ्यापैकी सरळ निघते. तेच पान आडवे फाडले की फाट वेडीवाकडी पळते.

कंदिलाचा कागद निवडताना याचा थेट उपयोग होतो. एकाच तावातून सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापाव्यात, एक लांबीकडून, एक रुंदीकडून. दोन्ही एकावर एक ठेवून एका टोकाशी चिमटीत धराव्यात, मग उलटवून पुन्हा धराव्यात. जी पट्टी जास्त वाकते तिचे तंतू आडवे. छपाईचा ए-फोर कागद (210 × 297 मिलिमीटर) घेतला, तर त्याचे तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात. आता नेहमीचा सोपा कंदील आठवावा: कागद लांबीत दुमडायचा, घडीकडून काप द्यायचे आणि गोल गुंडाळायचा. यात पट्ट्या निघतात त्या तंतूंना आडव्या, म्हणून त्या मऊ पडतात आणि लोंबतात. मोठ्या कार्डशीटमधून, पट्ट्या तंतूंच्या दिशेने येतील असा तुकडा काढला, तर त्याच मुलीच्या हातचा कंदील ताठ उभा राहतो. फक्त मधली घडी तंतूंना आडवी येत असल्याने जाड कागद तिथे तडकतो. त्यावर उपाय साधा आहे. फूटपट्टी लावून संपलेल्या रिफिलने आधी घडीची रेघ दाबून ओढावी, मग दुमडावे.

काप मात्र घडीच्याच बाजूने द्यायचे आणि उघड्या कडेशी दोन बोटे कागद सोडायचा. उलट बाजूने काप दिले की पट्ट्यांची टोके सुटी होतात आणि कंदिलाऐवजी झालर हाती येते. बरीच मुले पहिल्यांदा इथेच चुकतात आणि त्यात रडण्यासारखे काहीच नाही. त्या पट्ट्या झिरमिळ्यांना कामी येतात.

दुसरा गैरसमज गोंदाचा. जास्त लावला की घट्ट चिकटेल, असे मुलांना वाटते आणि मोठ्यांनाही. गोंदात पाणी असते. ते शोषून कागदाचे तंतू फुगतात, तेही लांबीपेक्षा रुंदीत कितीतरी जास्त. त्यामुळे कागद एका दिशेने ताणला जातो आणि वाळताना आक्रसून सुरकुततो. बोटाने पसरलेला पातळ थर आणि वर पाच-दहा मिनिटे पुस्तकाचे वजन, एवढ्याने जोड पक्का होतो.

गोंद विकतचाच हवा असेही नाही. गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची खळ पुस्तकबांधणीत पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली आहे. एक चमचा मैदा आधी थंड पाण्यात कालवायचा, कारण गरम पाण्यात टाकला तर पिठाचा वरचा थर लगेच फुगून गुठळ्या होतात. पाच-सहा चमचे पाणी झाले की मंद आचेवर ढवळत राहायचे. साधारण साठ-पासष्ट अंश सेल्सिअसच्या पुढे त्यातला स्टार्च फुगून मिश्रण दाट, थोडे पारदर्शक होते. हे काम मोठ्यांनी करावे, थंड झालेली खळ मुलांच्या हाती द्यावी. जुने बांधणीकार कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. घरच्या खळीत ते अजिबात घालू नये, मोरचूद विषारी आहे. साधी खळ एक-दोन दिवस टिकते, आंबट वास आला की टाकून द्यावी.

लहान मुलांना बोथट कात्री द्यावी, हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो. टोक गोल असावे हे खरे, पण धार हवीच. बोथट पाती कागद कापण्याऐवजी चावतात, मूल जोर लावते आणि जोर लावताना हात निसटतो. डावखुऱ्या मुलांचे हाल तर याहून जास्त. उजव्या हातासाठी केलेली कात्री उजव्या हाताने दाबली की दोन पाती एकमेकींना घासून चालतात. तीच डाव्या हातात गेली की दाबाने पाती किंचित दूर होतात, कागद मध्ये दुमडतो आणि कापायची रेघही पात्याआड जाते. अशा मुलाला ‘धांदरट’ म्हणण्याआधी डावखुऱ्यांची कात्री आणून द्यावी.

चमकणाऱ्या पारदर्शक कागदाला आपण ‘जिलेटिन पेपर’ म्हणतो. त्यात जिलेटिन नसते. या प्रकारचा मूळ कागद म्हणजे सेलोफेन. स्विस रसायनतज्ज्ञ जाक ब्रांडेनबर्गर यांनी तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोधला आणि तो लाकडातल्या सेल्युलोजपासून बनतो. आज दुकानात त्या नावाने मिळणारा बराचसा माल प्लास्टिकचा असतो. चमकीची पूडही बहुधा प्लास्टिकचीच. आणि थर्माकोल हलका, स्वस्त, म्हणून मुलांसाठी बरा, हा समज तर आता सोडायलाच हवा: सजावटीच्या थर्माकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. या सगळ्यांपेक्षा पतंगाचा कागद बरा: तो उजेड छान झिरपवतो आणि खळीने सहज चिकटतो.

कामट्यांचा सांगाडा करायचा झाला, तर चौकोन बांधून तो ताठ राहील असे वाटते. राहत नाही. चार कोपरे कितीही घट्ट बांधले तरी चौकोन तिरका होतो. एक तिरपी काडी बांधून त्याचे दोन त्रिकोण केले की तो हलत नाही. हे मुलांना काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून हाताने तपासता येते. ही युक्ती देशभर पोहोचवली अरविंद गुप्ता यांनी. आयआयटी कानपूरला शिकलेले गुप्ता 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले. पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी करून दाखवली आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांना लागणारे सामान बहुतेक घरांत आधीच पडलेले असते. महागडा ‘क्राफ्ट किट’ आणल्याशिवाय सुरुवात होत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी त्यांची खेळणी जरूर पाहावीत.

हस्तकला म्हणजे अभ्यासातला वेळ वाया, ही तक्रारही ऐकू येते. पण मद्रासमधून 1893 मध्ये टी. सुंदरराव यांचे एक इंग्रजी पुस्तक निघाले. त्यात त्यांनी पट्टी-कंपास बाजूला ठेवून, नुसत्या कागदाच्या घड्यांमधून भूमिती मांडली होती. बालवाडीतल्या घडीकामावरूनच त्यांना ते सुचले होते. घड्यांबद्दलही एक गैरसमज आहे: कोणताही कागद सातपेक्षा जास्त वेळा निम्मा दुमडता येत नाही, असे सांगितले जाते. सात घड्यांत थर 128 होतात, म्हणून साधा कागद अडतो खरा. पण 2002 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्रिटनी गॅलिव्हन या शाळकरी मुलीने साधारण 1200 मीटर लांबीचा टिश्यूचा पट्टा 12 वेळा दुमडून दाखवला. किती घडीला किती लांबी लागेल, याचे सूत्रही तिने मांडले.

उरला दिवा. कागदी कंदील पेट घेतो म्हणून प्लास्टिकचाच आणावा, असे म्हणतात. धोका मुख्यतः जुन्या तारेच्या बल्बचा होता. तो घेतलेल्या विजेचा फार थोडा भाग उजेडात बदलतो, बाकीची उष्णता होते, आणि त्या उष्णतेपुढे प्लास्टिकही टिकत नाही. पाच वॅटचा एलईडी पुरतो. तो कागदाला न टेकता मधोमध लटकावा आणि होल्डरची जोडणी मोठ्यांनी करावी. झिरमिळ्या तंतूंच्या दिशेने कापलेल्या असतील, तर वारा आला तरी सरळ लोंबतात.