ओसाडी शोधणारी माणसं

शिरूर तालुक्यात टाकळी हाजीजवळ कुकडीचं पात्र एकाएकी बदलतं. वरून संथ वाहत आलेली नदी काळ्या बेसाल्टच्या अरुंद घळीत उतरते. पाण्याबरोबर गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी हजारो वर्षं हा खडक कोरला आहे. पलीकडच्या काठावर पारनेर तालुक्यातलं निघोज. म्हणून हे निघोजचे रांजणखळगे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की खळग्याच्या तळाशी तेच गोटे पडलेले दिसतात, वाटोळे आणि हाताला गुळगुळीत. काठाला मळगंगेचं देऊळ आहे, भाविक आहेत, दुकानं आहेत. पण कॅमेऱ्याचा कोन जरा खाली धरला आणि देऊळ चौकटीबाहेर ठेवलं, तर ही जागा कोणत्या ग्रहावरची, असा प्रश्न पडावा.

सिनेमासाठी जागा हुडकणारा माणूस असंच बघतो. चौकटीत काय येऊ द्यायचं यापेक्षा काय बाहेर ठेवायचं, याचा त्याला आधी विचार करावा लागतो. भयाण भविष्याच्या विज्ञानपटात तर या माणसाचं काम दिग्दर्शकाच्या खालोखाल महत्त्वाचं असतं. अशा चित्रपटांचं नाव निघालं की लोकांना संगणकावर उभ्या केलेल्या इमारती आठवतात. खरं तर यातले कितीतरी उत्तम चित्रपट आधीच अस्तित्वात असलेल्या जागांवर उभे राहिले. कुणीतरी पायपीट करून त्या शोधल्या होत्या.

ज्याँ-लुक गोदारचा 'अल्फाव्हिल' १९६५चा. यंत्राच्या हुकमतीखाली जगणाऱ्या, प्रेम विसरलेल्या शहराची ही गोष्ट. त्यासाठी एकही भविष्यवेधी सेट उभारला नाही. छायाचित्रकार राउल कुतार यांनी तेव्हाच्या पॅरिसमधल्या नव्या काचेच्या आणि काँक्रीटच्या इमारती रात्री, असेल त्या उजेडात टिपल्या. पॅरिसकर रोज ज्या जिन्यांवरून चढत-उतरत होते, तेच पडद्यावर परक्या जगाचे जिने झाले. आल्फोन्सो कुआरोनच्या 'चिल्ड्रन ऑफ मेन'नं २००६ साली २०२७चं इंग्लंड दाखवलं. त्यातही उडत्या गाड्या नाहीत. इराक, उत्तर आयर्लंड अशा ठिकाणांची वृत्तछायाचित्रं कलाविभागासमोर ठेवली होती आणि निर्वासितांच्या छावण्या त्या आधारानं रचल्या होत्या. मोटारीवरच्या हल्ल्याचा प्रसंग एका सलग दृश्यात दिसावा म्हणून गाडीचं छप्पर काढून वर कॅमेरा फिरवण्याची यंत्रणा बसवली. कॅमेरा जवळ आला की नटांची आसनं मागं कलायची, तो गेला की पुन्हा जागेवर यायची. प्रेक्षकाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसते गुदमरलेली, भेदरलेली पाच माणसं.

या सगळ्यात आंद्रेई तारकोव्हस्कीच्या 'स्टॉकर'ची (१९७९) हकिकत सविस्तर सांगायला हवी, कारण तिचा धागा थेट आपल्या नद्यांपर्यंत येतो. स्ट्रुगात्स्की बंधूंच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. तिघे जण एका निषिद्ध प्रदेशात शिरतात, एवढीच गोष्ट. चित्रीकरण आधी ताजिकिस्तानात इस्फाराजवळ ठरलं होतं. तिथं भूकंप झाला आणि नवी जागा शोधणं भाग पडलं. ती मिळाली एस्टोनियात टॅलिनजवळ, यागाला नदीकाठी, जुन्या जलविद्युत केंद्रांच्या परिसरात. शेवाळलेल्या भिंती, गंजलेलं लोखंड, साचलेलं पाणी, सगळं तयार. महिनोन् महिने चित्रीकरण झालं आणि त्यातली बरीचशी फिल्म प्रयोगशाळेत धुताना वाया गेली. छायाचित्रकार गिओर्गी रेरबेर्ग बाहेर पडले. पुढं अलेक्सांद्र क्न्याझिन्स्की यांच्या कॅमेऱ्यानं चित्रपट जवळजवळ नव्यानं घडवला गेला.

पण त्या नदीच्या वरच्या अंगाला रसायनांचा कारखाना होता. त्याचं पाणी खाली यायचं. चित्रपटात नदीवर पांढरा फेस तरंगताना दिसतो. तो कलाविभागानं तयार केलेला नव्हता. ध्वनिमुद्रक व्लादिमीर शारून यांनी पुढं सांगितलं, की त्या पाण्यात उभं राहून काम केल्यानं अनेकांना त्रास झाला. नट अनातोली सोलोनित्सिन १९८२ साली गेले, तारकोव्हस्की १९८६ साली पॅरिसमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले, आणि शारून यांनी या मृत्यूंचा संबंध त्या जागेशी जोडला. वैद्यकीय पुरावा म्हणून हे मांडता येणार नाही. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाची ही साक्ष आहे, आणि ती ऐकून घ्यायला हवी.

शिरूर-दौंडच्या वाचकाला फेस नवा नाही. पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. तिथून खाली जलपर्णीचे हिरवे थर आणि पाण्याचा वास हा दोन्ही काठांचा रोजचा अनुभव आहे. दौंड तालुक्यात कुरकुंभची रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. आसपासच्या गावांनी विहिरींच्या आणि ओढ्यांच्या पाण्याबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी केल्या आहेत. जागा शोधणाऱ्याला इथं हवी तशी ओसाडी सापडेल. मात्र 'स्टॉकर'ची मंडळी काम संपल्यावर मॉस्कोला परतली. इथल्या माणसाला त्याच काठावर जनावरं पाण्यावर न्यायची असतात. अशा जागी कॅमेरा लावताना ही गोष्ट मनात नसेल, तर तो सिनेमा खोटा पडेल.

'स्टॉकर'मधलं आणखी एक काम दौंडमध्ये उभं राहून समजून घेण्यासारखं आहे. तिघे जण रुळांवरच्या छोट्या मोटार-ट्रॉलीवरून निषिद्ध प्रदेशात जातात. कॅमेरा त्यांच्या डोक्यांवर, चेहऱ्यांवर खिळलेला असतो. चाकांची खडखड सुरुवातीला निव्वळ खडखड असते. संगीतकार एदुआर्द आर्तेम्येव्ह तिच्यात हळूहळू इलेक्ट्रॉनिक ध्वनी मिसळत जातात. नेमकं कुठल्या क्षणी आपण ओळखीचं जग सोडलं, ते सांगता येत नाही. दौंड जंक्शनच्या पुलावर रात्री थांबलं तर या कामाचा कच्चा माल कानावर पडतो. मनमाडकडची मालगाडी सांधे ओलांडते तेव्हा डब्यामागून डबा तोच ठोका देत जातो. एखादी रेक थांबली की कपलिंगचा धक्का एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खणखणत पोचतो. वर उद्घोषणा चालू असते, तिचे शब्द वाऱ्यावर अर्धे विरतात. ध्वनिमुद्रकाला इथं सबंध रात्र पुरणार नाही.

आणि या परिसराला ध्वनीचं काम परकं नाही. शिरूरला खेटून, श्रीगोंदा तालुक्यात गव्हाणेवाडी आहे. तिथले भाऊराव कऱ्हाडे यांनी स्वतःची जमीन विकून 'ख्वाडा' केला. स्थिरावू पाहणाऱ्या धनगर कुटुंबाची ती गोष्ट आहे, तिचा विज्ञानपटाशी संबंध नाही. पण २०१४च्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिनं दिग्दर्शकासाठी ज्युरीचा विशेष पुरस्कार मिळवला, आणि प्रत्यक्ष जागेवर ध्वनिमुद्रण करणाऱ्या महावीर साबन्नवाल यांनाही गौरव मिळवून दिला. मेंढरांचा कळप, वारा, माणसांचं बोलणं हे सगळं त्या-त्या ठिकाणी पकडणं महाकठीण. वाऱ्यात माइक फडफडतो, लांबून पंपाचा आवाज घुसतो, मेंढरू ऐन वाक्यावर ओरडतं. शशांक शेंडे आणि भाऊसाहेब शिंदे यांचा अभिनय माळरानावरचा वाटतो, त्यात या कामाचा वाटा मोठा आहे. उद्याचं उजाड जग ऐकवायलाही असेच कान लागतात.

कपड्यांचंही तसंच. उजाड जगात कुणी नवा शर्ट घालत नाही. म्हणून वेशभूषा विभागात कपडा जुना करणारे कारागीर असतात. ते कापड चहाच्या पाण्यात बुडवतात, कोपरावर आणि कॉलरवर सँडपेपर घासतात, मुलतानी माती चोळतात. मळ कुठं बसतो, याचं गणित त्यांना पाठ असावं लागतं. ते शिकायचं तर दौंड तालुक्यातल्या केडगाव पट्ट्यातल्या गुऱ्हाळावर हंगामात जावं. चुलाणात चिपाडं सारणाऱ्याच्या सदऱ्याला काजळी पुढून लागलेली असते, पाठ घामानं पांढुरकी झालेली असते. काहिलीतली मळी काढणाऱ्याच्या बाह्या पाकानं ताठरतात. गुळव्या थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी पाहतो आणि हात तिथंच, त्याच ठरलेल्या जागी पुसतो. धोतराचा तो डाग कोणत्याही वेशभूषाकारानं जपून पाहावा.

२०१५च्या 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड'ला सहा ऑस्कर मिळाली. संकलन, निर्मितीसंकल्पन, वेशभूषा, रंगभूषा आणि ध्वनीची दोन. सगळी पडद्यामागच्यांची. संकलक मार्गारेट सिक्सेल यांच्यापुढं सुमारे ४८० तासांचं चित्रण होतं. त्यांनी ते दोन तासांवर आणलं. त्याआधीची अडचण वेगळीच. चित्रीकरण ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या वाळवंटात व्हायचं होतं. तिथं जोरदार पाऊस झाला, वाळवंटात फुलं फुलली, आणि सगळा बाडबिस्तरा आफ्रिकेतल्या नामिबियात हलवावा लागला.

मराठीत जयंत नारळीकर, बाळ फोंडके यांनी विज्ञानकथा घराघरांत नेली. पडद्यावर मात्र ती क्वचितच आली. खर्चाचं कारण दिलं जातं आणि ते अगदीच खोटं नाही. 'कल्की २८९८ एडी'मध्ये (२०२४) गंगा आटलेली काशी दिसते. त्यातली 'बुज्जी' ही सुमारे ६ टनांची गाडी महिंद्रा आणि कोइमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह्जच्या अभियंत्यांनी खरोखर चालणारी बनवली. एवढं भांडवल मराठी निर्मात्याकडं नसतं. पण नागपूरच्या आरती कदव यांचा 'कार्गो' आठवावा. २०१९ साली मामि महोत्सवात आलेला हा हिंदी चित्रपट मोजक्या पैशांत झाला. 'पुष्पक' नावाच्या यानात विक्रांत मॅसी एकटाच मेलेल्या माणसांची पुनर्जन्मासाठी तयारी करून देतो, पुढं श्वेता त्रिपाठी मदतनीस म्हणून येते, आणि नंदू माधव वरिष्ठ म्हणून पडद्यावरून बोलत राहतात. यानातली यंत्रं जुन्या वळणाची आहेत. मेलेला माणूस येतो तो अंगावरच्या कपड्यांनिशी, खिशातल्या वस्तूंनिशी. त्या वस्तू काढून ठेवल्या जातात. त्या जगावर विश्वास बसतो, तो या वस्तू निवडणाऱ्या हातांमुळं.

गाड्या वेल्ड करणारे हात रांजणगाव एमआयडीसीच्या आसपास पुष्कळ आहेत. मांडव उभारणारे, वायरिंग करणारे, जत्रेतल्या तमाशाच्या तंबूला रात्रीत उजेड देणारेही आहेत. त्यांना चित्रपटाच्या श्रेयनामावलीत जागा मिळायला हवी, नुसती दिवसाची हजेरी नव्हे.

बाकी अडचण राहते ती ब्रोकन हिलचीच. शिरूरचा पूर्व भाग आणि दौंडचा माळ चैत्र-वैशाखात जसा दिसतो, तसा आषाढात दिसत नाही. शिवाय इथं पावसाखेरीज कालवेही आहेत. पाणी सुटलं की आज भेगाळलेली चारी उद्या भरून वाहते, कडेला आठवड्यात हिरवं उगवतं, आणि आधी टिपलेल्या दृश्याशी पुढचं दृश्य जुळत नाही. शेतकऱ्याचं त्या पाण्यावर पीक उभं असतं, त्याला थांब म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. तेव्हा या भागात जागा पक्की करणाऱ्यानं नटांच्या तारखा घेण्याआधी पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात जाऊन कुकडीचं, घोडचं आणि खडकवासल्याचं आवर्तन कधी सुटणार आहे, ते विचारून घ्यावं.