नकाशावर नाव कोणाचे?

गावाच्या नावात इतिहास दडलेला असतो, असे आपण म्हणतो. पण तो पुरता असतोच असे नाही.

कॅनडातील युकॉन प्रदेशात ‘कारमॅक्स’ नावाचे गाव आहे. जॉर्ज कारमॅक या अमेरिकन सोनेशोधकाने तेथे व्यापाराचे ठाणे घातले होते, म्हणून हे नाव. पुढे ऑगस्ट १८९६ मध्ये कारमॅक, टागिश जमातीतील त्याचा मेहुणा कीश आणि कीशचा भाचा चार्ली यांना ‘रॅबिट’ म्हणजे सशाच्या ओढ्यात सोने सापडले. ओढ्याचे नाव ‘बोनान्झा’, अर्थात घबाड, झाले आणि हजारो माणसे तिकडे धावली.

सोने प्रथम कीशला दिसले, असे त्याचे आप्त सांगत. शोधकाचा हक्क मात्र कारमॅकच्या नावे नोंदला गेला आणि नकाशावरही ठळक राहिले ते त्याचेच नाव.

हा ओढा ज्या क्लोंडाइक नदीला मिळतो, तिचे नाव तेथील हान लोकांच्या भाषेतून आले. मासेमारीसाठी नदीत खुंट ठोकण्याच्या दगडाशी त्याचा संबंध आहे. सोन्याआधीचे जगणे त्या एका शब्दात टिकले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या गल्लीचे नाव कोणावरून पडले, हे घरच्या वडीलधाऱ्यांना जरूर विचारा. कोणाचे नाव राहून गेले, तेही विचारा, असे आम्ही सुचवतो.