सावलीतले डोळे किती उजळायचे?

सेवाग्राम आश्रमातल्या कुट्या मातीच्या, छप्पर कवेलूंचे, वळचण खाली उतरलेली. बाहेर वर्ध्याचे ऊन आणि आत एकाच बाजूने येणारा मंद उजेड. त्याच उजेडात कनू गांधींनी १९३८च्या सुमारास गांधीजींची छायाचित्रे काढायला सुरुवात केली आणि १९४८पर्यंत ती काढली. कनू हे गांधीजींचे पुतणे नारणदास यांचे चिरंजीव. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांचा रोलीफ्लेक्स कॅमेरा आला. गांधीजींच्या अटी तीन होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचे नाही आणि आश्रमाकडून या कामासाठी पैसे मिळणार नाहीत.

फ्लॅशशिवाय अंधाऱ्या खोलीत चेहऱ्याचा फोटो निघूच शकत नाही, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे येतात, असे आजही अनेकांना वाटते. पण या खड्ड्यांचे कारण उजेडाचे प्रमाण नसून त्याची दिशा असते. प्रकाश थेट डोक्यावरून आला की भुवईच्या हाडाची सावली डोळ्यांत पडते. सेवाग्राम साधारण २०.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून मेच्या अखेरीस आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य तिथे बरोबर माथ्यावर येतो. त्या वेळी भर अंगणात, भरपूर उजेडात काढलेल्या फोटोत डोळे सर्वाधिक काळे येतात. तोच माणूस दाराशी बसला, तर वळचण वरचा उजेड अडवते, अंगणातल्या मातीवरून परतलेला प्रकाश खालून चेहऱ्यावर येतो आणि डोळे आपोआप उजळतात. दाराकडे तोंड असेल, तर बुबुळात दाराचा लहानसा पांढरा ठिपकाही दिसतो. डोळा जिवंत वाटतो तो बहुतेक या ठिपक्यामुळे.

फ्लॅशही हमखास उपाय नाही. छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट १९४६मध्ये पुण्यात गांधीजींचा फोटो काढायला गेल्या, तेव्हा त्यांना फक्त तीन फ्लॅशबल्बची परवानगी मिळाली आणि त्यांतले पहिले दोन वाया गेले. पुढे जगभर पोचलेल्या त्यांच्या छायाचित्रात चरखा पुढे आहे, मागे खिडकीचा उजेड आहे आणि गांधीजींची नजर हातातल्या कागदावर झुकलेली आहे. डोळे दिसत नाहीत म्हणून त्या चित्रात काही कमी आहे, असे कुणाला वाटत नाही. ‘द गॉडफादर’ (१९७२) या चित्रपटात छायाचित्रकार गॉर्डन विलिस यांनी तर मार्लन ब्रँडोवर मुद्दाम वरून प्रकाश टाकला आणि त्याचे डोळे सावलीत ठेवले. समोरच्याला त्या माणसाच्या मनातले कळू नये, हाच तिथे हेतू होता. तेव्हा सावली दिसली की ती दोष समजून पुसायला घेणे, ही पहिली चूक.

दुसरी समजूत अशी, की फोटो काढल्यावर डोळे उजळणे ही मोबाइलच्या काळातली लबाडी आहे. वास्तविक छायाचित्रकार फ्रान्झ हान्फश्टेंगल यांनी १८५५च्या पॅरिस प्रदर्शनात रिटच केलेली निगेटिव्ह मांडली होती. डार्करूममध्ये तारेच्या टोकाला पुठ्ठ्याचा बारीक तुकडा लावून तो काही सेकंद डोळ्यांच्या जागी हलवत ठेवत. तेवढा प्रकाश कागदावर कमी पडे आणि डोळे उजळ छापले जात. तुकडा सतत हलता ठेवायचा, नाहीतर त्याच्या कडा छापात उमटत. आजच्या फोटो-एडिटरमधल्या ‘डॉज’ साधनाचे नाव तिथूनच आले आणि मऊ कडांचा नियमही.

बहुतेक लोक नेमके डोळे उजळतानाच घसरतात. पडवीत बसलेल्या आजीचा सावळ्या उजेडातला फोटो घ्या. डोळे दिसावेत म्हणून आधी डोळ्यांचा पांढरा भाग शुभ्र केला जातो. पण तो भाग खऱ्या आयुष्यातही शुभ्र नसतो. डोळा गोल असल्यामुळे कडेला तो करडा होत जातो आणि वरच्या पापणीची सावली त्यावर कायम पडलेली असते. ती सावली गेली की आजी दचकल्यासारखी दिसू लागते. उजळायचे असेल तर बुबुळाकडे वळावे, तेही सगळे नाही. बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा आत शिरणारा प्रकाश वाकवून पलीकडे पाठवतो, त्यामुळे ठिपका वर डावीकडे असेल, तर बुबुळाचा खालचा उजवा भाग मुळातच थोडा उजळ असतो. तेवढाच भाग किंचित वाढवावा, पापणीची सावली राहू द्यावी आणि मग फोटो लहान करून पाहावा. पूर्ण चेहऱ्याआधी डोळेच दिसत असतील, तर हात जास्त चालला आहे. नवा ठिपका रंगवण्याचा मोह झाला, तर फोटोतला प्रकाश कुठून येतो ते आधी तपासावे. उजेड डावीकडचा आणि ठिपका उजवीकडे, हे पाहणाऱ्याला सांगता आले नाही तरी खटकते.

अंधारात सगळे दडलेले असते, फक्त स्लायडर ओढायचा, हेही खरे नाही. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाला उजेडाच्या २५६ पायऱ्या मिळतात, १४-बिट रॉ फाइलमध्ये १६,३८४. अंधाऱ्या भागात जेपेगच्या वाट्याला त्यातल्या मोजक्याच येतात, म्हणून मोबाइलच्या फोटोत डोळे खूप उचलले की करडे डाग आणि कणकण दिसते. जिथे प्रकाश पोचलाच नाही, तिथे परत आणण्यासारखे काही नसते. फिल्मवरही तेच: ज्या भागात चांदी जमलीच नाही, तिथे निगेटिव्ह कोरी राहते.

अशा कोऱ्या जागी आता एआय नवे डोळे रंगवून देते, आणि ऐतिहासिक छायाचित्रांच्या बाबतीत हे गंभीर आहे. १९९४मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने खुनाच्या आरोपाखाली अटक झालेल्या ओ. जे. सिम्पसनचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र मुखपृष्ठावर गडद करून छापले. त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’ने तेच चित्र न बदलता छापले होते. दोन्ही अंक शेजारी दिसले आणि ‘टाइम’वर टीकेची झोड उठली. छटेतला तेवढा फेरफारही माणसाबद्दल मत बनवतो. मग सेवाग्रामच्या मंद उजेडातल्या गांधीजींना यंत्राने सुचवलेली नजर देणे म्हणजे त्या दशकाचा पुरावाच बदलणे. घरातली जुनी छायाचित्रे उजळवतानाही मूळ स्कॅन वेगळा जपावा आणि काय बदलले ते फाइलच्या नावातच लिहावे.