असेम्बल्ड संगणक

असेम्बल्ड संगणक, म्हणजेच जुळणी केलेला संगणक, हा प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, साठवण यंत्र, वीजपुरवठा संच इत्यादी सुटे भाग स्वतंत्रपणे विकत घेऊन वापरकर्त्याने स्वतः किंवा स्थानिक विक्रेत्याकडून जोडून घेतलेला मेजावरील संगणक होय. याउलट, उत्पादक कंपनीने कारखान्यात जोडून स्वतःच्या नावाने आणि एकत्रित हमीसह विकलेल्या संगणकास बोलीभाषेत ‘ब्रँडेड संगणक’ असे म्हणतात. या दोहोंतील निवड ही केवळ किमतीची बाब नाही. हमी, दुरुस्ती, सॉफ्टवेअरचा कायदेशीर परवाना, विजेची गुणवत्ता आणि यंत्राचे अपेक्षित आयुष्य यांचाही त्यात विचार करावा लागतो.

संज्ञा

महाराष्ट्रातील बाजारपेठेत ‘असेम्बल्ड’ हा शब्द रूढ आहे. ‘जुळणी’ हा मराठी शब्द मुद्रण व्यवसायात जुना असून खिळे जुळवणाऱ्या कामगारास ‘जुळारी’ म्हणत. सुटे, प्रमाणित भाग ठराविक क्रमाने एकत्र आणून त्यांतून कार्यक्षम रचना उभी करणे हा अर्थ दोन्ही ठिकाणी समान आहे. असेम्बल्ड संगणकाचे सुटे भाग वापरकर्ता स्वतः तयार करत नाही. ते निरनिराळ्या कंपन्यांच्या कारखान्यांत तयार होतात. वापरकर्ता केवळ त्यांची निवड आणि जोडणी करतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

वैयक्तिक संगणकाचा आरंभच जोडणीच्या संचापासून झाला. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी नियतकालिकाच्या जानेवारी १९७५ च्या अंकात ‘आल्टेअर ८८००’ या संगणकाची माहिती प्रसिद्ध झाली. हे यंत्र सुट्या भागांच्या संचाच्या रूपात, तसेच अधिक किमतीस जोडलेल्या स्वरूपातही उपलब्ध होते. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याची रचना खुली असल्याने आणि त्यात बाजारात मिळणारे भाग वापरले असल्याने इतर कंपन्यांना सुसंगत संगणक व सुटे भाग बनवणे शक्य झाले. १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ हे मानक मांडले. त्यामुळे मदरबोर्डची मापे, स्क्रूंच्या जागा आणि वीजपुरवठ्याचे जोड यांत एकवाक्यता आली. आजचा असेम्बल्ड संगणक याच मानकाच्या आधारावर उभा आहे.

भारतातील अनुभव

‘स्वतः बांधावा की विकत घ्यावा’ हा प्रश्न भारतात प्रथम वैज्ञानिक संस्थांपुढे उभा राहिला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५० च्या दशकाच्या मध्यास स्वतःचा संगणक उभारण्याचे काम हाती घेतले. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली प्रथम एक प्रायोगिक यंत्र तयार झाले आणि १९६० मध्ये पूर्ण आकाराचा संगणक कार्यान्वित झाला. पुढे त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. त्यात निर्वात नलिका आणि फेराइट गाभ्यांची स्मृती वापरली होती. मात्र तोवर जगात ट्रान्झिस्टरवर आधारित यंत्रे आली होती. त्यामुळे वाढत्या गणनकार्यासाठी संस्थेने १९६४ मध्ये ‘सीडीसी ३६००’ हा तयार संगणक बसवला. टिफ्रॅकचे यंत्र लवकर मागे पडले. परंतु त्याच्या उभारणीतून संगणकाचे अंतरंग जाणणारी माणसे देशात तयार झाली.

दुसरे उदाहरण पुण्याचे आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेने उच्च क्षमतेचा महासंगणक भारतास देण्यास नकार दिला. त्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजे सी-डॅकची, स्थापना झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. त्यातील ‘ट्रान्सप्यूटर’ जातीचे प्रोसेसर इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे होते. अनेक प्रोसेसर एकमेकांशी जोडून समांतर गणन करून घेण्याची रचना आणि त्यासाठीचे सॉफ्टवेअर ही भारतीय अभियंत्यांची कामगिरी होती. भाग विकत घेणे आणि रचना स्वतः करणे यांचा हा मेळ होता.

सर्वसामान्य ग्राहकाच्या दृष्टीने नोव्हेंबर १९८४ चे संगणक धोरण महत्त्वाचे ठरले. त्याने संगणक आणि सुट्या भागांच्या आयातीवरील निर्बंध सैल केले. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सहभागी झाला आणि संगणक व त्याच्या अनेक भागांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, हा सुट्या भागांचा प्रमुख बाजार म्हणून प्रसिद्धीस आला. जिल्ह्याच्या ठिकाणीही जोडणी व दुरुस्ती करणारी दुकाने उभी राहिली.

घटक आणि सुसंगतता

असेम्बल्ड संगणकात पुढील भाग आवश्यक असतात : प्रोसेसर व त्याचा पंखा, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी किंवा हार्ड डिस्क, वीजपुरवठा संच (बोलीभाषेत एसएमपीएस), कॅबिनेट, तसेच मॉनिटर, कळफलक आणि माउस. प्रोसेसरमध्ये चित्रप्रक्रियेची अंगभूत सोय नसेल, तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते.

भाग परस्परांशी जुळणे ही जोडणीतील पहिली कसोटी होय. प्रोसेसरची बैठक आणि मदरबोर्डची बैठक एकाच प्रकारची असावी लागते. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन पिढ्यांच्या रॅम एकमेकींच्या जागी बसत नाहीत. एकाच बैठकीचे काही मदरबोर्ड डीडीआर-४ साठी, तर काही डीडीआर-५ साठी बनवलेले असतात. बैठक जुळली तरी जुन्या बायोसमुळे नवा प्रोसेसर ओळखला न जाण्याची शक्यता असते. ब्रँडेड संगणकात ही जबाबदारी उत्पादकाची असते, तर असेम्बल्ड संगणकात ती निवड करणाऱ्यावर येते.

किमतीचा विचार

असेम्बल्ड संगणक स्वस्त पडतो हा समज सर्वकाळ खरा ठरत नाही. मोठा उत्पादक भागांची घाऊक खरेदी करत असल्याने कार्यालयीन कामाच्या साध्या संगणकांत ब्रँडेड यंत्राची किंमत पुष्कळदा कमी असते. शक्तिशाली ग्राफिक्स कार्ड किंवा अधिक रॅम लागणाऱ्या कामांत मात्र जोडणी किफायतशीर ठरू शकते, कारण ग्राहक अनावश्यक भागांवरील खर्च टाळून तो पैसा आवश्यक भागाकडे वळवू शकतो. २०२०–२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांच्या जागतिक टंचाईमुळे सुट्या कार्डांचे भाव इतके चढले, की अनेकदा तीच कार्डे बसवलेले तयार संगणक घेणे फायद्याचे ठरत असे.

तुलना करताना दोन्ही पर्यायांत समान बाबी धरणे आवश्यक असते. ब्रँडेड संगणकाच्या किमतीत बहुधा ऑपरेटिंग प्रणालीचा परवाना, कळफलक, माउस आणि घरपोच सेवा समाविष्ट असते. असेम्बल्ड संगणकाच्या दरपत्रकात हे खर्च वेगळे धरावे लागतात. संगणकावर व त्याच्या बहुतेक भागांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू आहे. बिल न घेता केलेली खरेदी वरवर स्वस्त दिसते. परंतु तीत हमीचा पुरावा राहत नाही आणि नोंदणीकृत व्यावसायिकास भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही.

हमी, दुरुस्ती आणि ग्राहकाचे हक्क

ब्रँडेड संगणकास संपूर्ण यंत्राची एकच हमी असते आणि दोष कोणत्याही भागात असला तरी तक्रार एकाच ठिकाणी करता येते. असेम्बल्ड संगणकात प्रत्येक भागाची हमी त्याच्या उत्पादकाची असते. पेटीबंद प्रोसेसरवर साधारणतः ३ वर्षांची हमी मिळते. पेटीशिवाय सुटा विकला जाणारा ‘ट्रे’ प्रोसेसर घेणाऱ्या ग्राहकास उत्पादकाची थेट हमी सहसा मिळत नाही. म्हणून प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घेणे हिताचे असते. वापरलेला भाग नवा म्हणून बसवला जाण्याचा धोकाही त्यामुळे कमी होतो.

हमीचा काळ संपल्यानंतर चित्र पालटते. असेम्बल्ड संगणकाचे भाग प्रमाणित मापांचे असल्याने बिघडलेला एसएमपीएस किंवा मदरबोर्ड स्थानिक बाजारातून बदलता येतो. काही ब्रँडेड संगणकांत मदरबोर्ड, वीजजोड किंवा कॅबिनेट कंपनीच्या खास मापाचे असतात. असा भाग नादुरुस्त झाल्यास त्याच कंपनीचा भाग शोधावा लागतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहक आपल्या वास्तव्याच्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकतो. खरेदी दूरच्या शहरातून किंवा ऑनलाइन झाली असली तरी हा हक्क कायम राहतो. अशा तक्रारीत बिल आणि लेखी हमीपत्र हे मुख्य पुरावे ठरतात.

सॉफ्टवेअरचा परवाना

स्वस्त असेम्बल्ड संगणकात अनेकदा परवान्याविना ऑपरेटिंग प्रणाली बसवून दिली जाते. बेकायदेशीर प्रत असल्याचे ठाऊक असून संगणक प्रणाली वापरणे हा प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ब नुसार गुन्हा आहे. अशा प्रतींसोबत घातक सॉफ्टवेअर येण्याचा संभवही असतो. त्याची झळ शाळा, पतसंस्था किंवा लहान व्यावसायिक यांच्या नोंदींना बसू शकते. खर्च टाळायचा असल्यास लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली कायदेशीररीत्या विनामूल्य वापरता येतात. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही त्यांपैकी एक असून तिच्यात भारतीय भाषांची सोय आहे.

विंडोजच्या परवान्यांतही भेद आहे. तयार संगणकासोबत येणारा ओईएम परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो, तर किरकोळ विक्रीचा परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय अधिकृत अट आहे. त्यामुळे जुने भाग वापरून जोडणी करताना हा मुद्दा आधी तपासावा लागतो.

वीजपुरवठा आणि हवामान

असेम्बल्ड संगणकात काटकसर बहुधा एसएमपीएसमध्ये केली जाते, आणि तीच पुढे महाग पडते. ‘८० प्लस’ या मानांकनाचा अर्थ ठरावीक भारांवर किमान ८० टक्के कार्यक्षमता असा होतो. संगणकाच्या भागांना ३०० वॅट शक्ती लागत असेल, तर ८० टक्के कार्यक्षमतेचा संच भिंतीवरील जोडातून ३७५ वॅट घेतो आणि ७५ वॅटची उष्णता होते. ६० टक्के कार्यक्षमतेचा संच त्याच कामास ५०० वॅट घेतो आणि २०० वॅट उष्णतेत वाया जातात. निकृष्ट संचातील दोषामुळे मदरबोर्ड आणि साठवण यंत्रही जळू शकते. वारंवार वीज जाणाऱ्या भागात यूपीएस आणि योग्य अर्थिंग यांचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरणे श्रेयस्कर असते.

कोल्हापूर परिसरातील संदर्भ

कोल्हापूर जिल्ह्यातील संगणकाचा वापर व्यवसायानुसार भिन्न आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतील फाउंड्री व यंत्रभागांच्या उद्योगांत आराखड्यांसाठी कॅड प्रणाली वापरतात. तेथे वेगवान प्रोसेसर, पुरेशी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड यांची गरज असल्याने जोडणीचा पर्याय उपयुक्त ठरतो. छपाई व अक्षरजुळणीच्या व्यवसायात काही मराठी प्रणालींना हार्डवेअर लॉक लागतो. जुना लॉक समांतर पोर्टचा असल्यास त्यासाठी योग्य जोड असलेला मदरबोर्ड किंवा विस्तार कार्ड निवडावे लागते. लेखाकार्य, शालेय प्रयोगशाळा आणि सेतू केंद्रे यांसारख्या ठिकाणी एकसारखी अनेक यंत्रे व खात्रीची सेवा महत्त्वाची असल्याने ब्रँडेड संगणक सोयीचे पडतात. शासकीय कार्यालयांची खरेदी प्रामुख्याने २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ या शासकीय ई-बाजारपेठेवरून होते.

पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शहरातील व नदीकाठच्या गावांतील तळमजल्यांत पाणी शिरले. पाण्याने झालेली हानी दोन्ही प्रकारच्या संगणकांच्या सर्वसाधारण हमीत बसत नाही. त्यासाठी स्वतंत्र विमा लागतो. गेलेले यंत्र पुन्हा घेता येते, परंतु हिशेब, छायाचित्रे व दस्तऐवज परत मिळत नाहीत. म्हणून महत्त्वाच्या माहितीची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे आवश्यक असते.

निवडीचे निकष

साधारणतः पुढील परिस्थितीत असेम्बल्ड संगणक योग्य ठरतो :

• काम विशिष्ट असून एखाद्या भागाची क्षमता अधिक हवी असते.
• पुढील काही वर्षांत टप्प्याटप्प्याने भाग वाढवण्याचा विचार असतो.
• जवळ विश्वासू जोडणीकार असतो किंवा वापरकर्त्यास जोडणी शिकण्याची इच्छा व सवड असते.

पुढील परिस्थितीत ब्रँडेड संगणक योग्य ठरतो :

• काम लेखन, हिशेब, अभ्यासक्रम व इंटरनेट यांपुरते मर्यादित असते.
• बिघाड झाल्यास एकाच ठिकाणाहून सेवा हवी असते.
• अनेक यंत्रे एकाच वेळी घ्यायची असतात.

लॅपटॉपच्या बाबतीत ही निवड सहसा उपलब्ध नसते. त्यातील मदरबोर्ड त्या त्या प्रतिरूपापुरता बनवलेला असतो आणि अनेकदा रॅमही त्यावर डाखाने पक्की केलेली असते.

शैक्षणिक मूल्य आणि ई-कचरा

स्वतः जोडणी करताना विद्यार्थ्यास प्रत्येक भागाचे कार्य प्रत्यक्ष कळते. त्यासाठी काही दक्षता आवश्यक असतात. अंगातील स्थितिक विद्युत धातूच्या भागास स्पर्श करून आधी घालवावी, वीजजोड काढून ठेवावा, प्रोसेसर बैठकीत बसवताना जोर लावू नये आणि एसएमपीएसचे आवरण कधीही उघडू नये; वीज बंद केल्यावरही त्यातील धारित्रांत घातक भार शिल्लक राहू शकतो.

निकामी भाग भंगारात किंवा कचऱ्यात टाकणे पर्यावरणास अपायकारक आहे. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार उत्पादकांवर पुनर्चक्रणाचे दायित्व आहे आणि असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. एखादा भाग बदलून जुना संगणक आणखी काही वर्षे वापरता आल्यास नवी खरेदी व कचरा हे दोन्ही टळतात. त्यामुळे नव्या यंत्राचा निर्णय घेण्यापूर्वी जुन्यात एसएसडी किंवा रॅम वाढवून काम भागते का, हे पाहणे इष्ट असते.