विश्लेषण : मिठाचा एक किलोचा पुडा घरात किती दिवस पुरायला हवा? रक्तदाबाचा हिशेब स्वयंपाकघरात कसा मांडायचा?

रक्तदाब वाढलेला दिसला की डॉक्टर गोळी लिहून देतात आणि रुग्ण उठता उठता सांगतात, ‘मीठ कमी करा.’ किती कमी करायचे, कुठून कमी करायचे आणि मुळात आपण किती खातो हे कसे ओळखायचे, याबद्दल सहसा बोलणे होत नाही. मग घरी लोणच्याची बरणी आठवडाभर फडताळात जाते आणि पाहुणे आले की परत ताटाशेजारी येते. खरे तर हा हिशेब कोणत्याही चाचणीशिवाय, किराणा मालाच्या यादीवरून घरीच मांडता येतो.

मिठाची मर्यादा नेमकी किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. पाच ग्रॅम म्हणजे साधारण एक लहान चमचा, तोही सपाट, शीग लावलेला नव्हे. यात वरण, भाजी, पोळीच्या कणकेतले मीठ, पापड, चटणी, फरसाण, पाव, बिस्किटे असे सगळेच आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) संशोधकांनी राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या आधारे काढलेला भारतीय प्रौढांचा सरासरी आकडा सुमारे ८ ग्रॅम आहे. म्हणजे मर्यादेच्या दीडपटीहून जास्त.

दुसरीकडे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के महिलांना उच्च रक्तदाब असल्याचे किंवा त्यासाठी औषध सुरू असल्याचे आढळले. यातला मोठा अडथळा असा, की उच्च रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही. डोके दुखले, चक्कर आली तरच ‘बीपी’ वाढले असणार, ही समजूत चुकीची आहे. त्यामुळे ‘मला काही होत नाही’ याला इथे पुरावा म्हणून काही किंमत नाही.

पुड्याचा हिशेब कसा करायचा?

घरात चार माणसे आहेत असे धरू. प्रत्येकी ५ ग्रॅमप्रमाणे दिवसाला २० ग्रॅम आणि तीस दिवसांत ६०० ग्रॅम. म्हणजे एक किलोचा पुडा किमान ५० दिवस चालायला हवा. तो महिन्यातच संपत असेल तर माणशी रोजचा आकडा ८.३ ग्रॅम येतो. तोही फक्त घरच्या मिठाचा. ऑफिसच्या कँटीनमधली उसळ, कोपऱ्यावरचा वडापाव आणि संध्याकाळचे वेफर्स यात धरलेले नाहीत. बाहेरच्या खाण्यासाठी थोडी जागा ठेवायची तर पुडा दोन महिने पुरायला हवा. तेव्हा घरचे मीठ माणशी सव्वाचार ग्रॅमच्या आत येते.

हा आकडा अर्थातच ढोबळ आहे. उन्हाळ्यात लोणची, सांडगे, कुरडया घातल्या असतील तर तेवढे मीठ वेगळे धरावे लागेल. भाज्या धुवायला वापरलेले मीठ, उकळून टाकून दिलेले पाणी हेही वजा करावे लागेल. घरात लहान मुले असतील तर त्यांची मर्यादा मोठ्यांपेक्षा कमी असते, त्यामुळे हिशेब आणखी कडक होतो. तरीही पुडा फोडल्याची तारीख त्याच्यावरच पेनने लिहून ठेवली तर दोन-तीन पुड्यांत घराची सवय स्पष्ट दिसते. कोणत्याही ॲपपेक्षा ही पद्धत भरवशाची आहे. ॲपमध्ये आपण खाल्लेले विसरतो. पुडा विसरत नाही.

जास्त मीठ शरीरात काय करते?

मिठातला त्रासदायक घटक सोडियम. एक ग्रॅम मिठात सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम असते. रक्तातले सोडियम वाढले की शरीर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरचा दाब वाढतो. जादा सोडियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडाचे. वय, आनुवंशिकता, मधुमेह यांमुळे ही क्षमता कमी झाली की तेवढ्याच मिठाचा परिणाम जास्त दिसतो. म्हणूनच एकाच ताटात जेवणाऱ्या दोन भावांपैकी एकाचा दाब चढतो आणि दुसऱ्याचा नाही. वर्षानुवर्षे दाब चढा राहिला की हृदय, मेंदू, मूत्रपिंड आणि डोळ्यांचा पडदा यांना इजा होते. फळे, पालेभाज्या, कडधान्ये यांतून मिळणारे पोटॅशियम याच्या उलट काम करते, सोडियम बाहेर टाकायला मदत करते.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील ‘डॅश-सोडियम’ प्रयोगाचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. ४१२ जणांना सगळे जेवण संशोधकांनीच पुरवले आणि सोडियमचे प्रमाण तीन टप्प्यांत बदलले. नेहमीचाच आहार ठेवून फक्त सोडियम कमी केल्यावरही वरचा रक्तदाब सरासरी ६.७ अंकांनी उतरला. त्याला फळे-भाज्या आणि कमी स्निग्धांशाच्या दुधाच्या आहाराची जोड दिल्यावर ही घट ८.९ पर्यंत गेली.

चीनच्या ग्रामीण भागातला प्रयोग याहून मोठा होता. ६०० गावांतल्या जवळपास २१ हजार लोकांचा त्यात समावेश होता. त्यांना आधी पक्षाघात होऊन गेला होता किंवा वय साठीपुढे आणि रक्तदाब जास्त होता. निम्म्या गावांना नेहमीचे मीठ चालू ठेवायला सांगितले, उरलेल्यांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ दिले. सुमारे पाच वर्षांनी दुसऱ्या गटात पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी आणि मृत्यूचे १२ टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष २०२१ मध्ये जाहीर झाले.

याला विरोधी सूरही आहे. अनेक देशांत झालेल्या ‘प्युअर’ अभ्यासाने २०१४ मध्ये असे मांडले, की सोडियम फार कमी असणाऱ्यांतही धोका वाढलेला दिसतो आणि सर्वात कमी धोका दिवसाला ३ ते ६ ग्रॅम सोडियमच्या, म्हणजे साडेसात ते १५ ग्रॅम मिठाच्या पट्ट्यात आहे. त्यावर टीका झाली ती मोजणीच्या पद्धतीवरून. चोवीस तासांची लघवी गोळा करण्याऐवजी सकाळच्या एकाच नमुन्यावरून दिवसाचा अंदाज काढला होता. शिवाय आधीच आजारी असलेली माणसे कमी जेवतात, त्यामुळे त्यांचे मीठही कमी भरते, हा मुद्दा उरतोच. वाद तळाच्या मर्यादेचा आहे. रक्तदाब वाढलेल्या माणसाने मीठ कमी करावे, याबद्दल फारसा वाद नाही.

जबाबदारी कोणाची, खाणाऱ्याची की कंपनीची?

अमेरिका, युरोपात बहुतांश मीठ कारखान्यातून आणि हॉटेलातून आलेल्या पदार्थांमधूनच पोटात जाते. तिथे ग्राहकाने घरातली मीठदाणी लपवली तरी फार फरक पडत नाही, कंपन्यांवर बंधने आणावी लागतात. भारतात अजून मोठा वाटा घरच्या फोडणीतला आणि ताटातला आहे. शहरांत हे चित्र बदलते आहे, पण आजच्या घडीला तरी ‘माझ्या हातात काय आहे’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आशादायक आहे.

फक्त यात एक अडचण आहे, ती उघड बोलली जात नाही. रक्तदाब एकाचा असतो आणि मिठाचा हात दुसऱ्याचा. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत आजोबांची अळणी भाजी वेगळी काढण्याचे काम आजी, आई किंवा सुनेकडे येते. दोन पातेली, दोन चवी आणि वर ‘आज भाजीला चवच नाही’ हे ऐकून घेणे. अशी व्यवस्था महिनाभराच्या वर टिकत नाही. ज्याला गोळी सुरू झाली त्याने स्वतःहून ‘सगळ्यांसाठी एकच भाजी, कमी मिठाची’ असे म्हणणे आणि पहिले पंधरा दिवस तक्रार न करणे, ही खरी वैयक्तिक जबाबदारी. जीभ बदलते. हळूहळू मीठ कमी केले तर काही आठवड्यांत तीच चव पुरेशी वाटू लागते आणि आधीचे जेवण खारट लागते. लिंबू, कोकम, चिंच, ओली मिरची, लसूण, जिरेपूड यांनी मधला काळ निभावतो.

पानात वरच्या बाजूला चिमूटभर मीठ वाढायची जुनी पद्धत आहे. ती मोडायची की नाही हा घराघराचा प्रश्न. पण दह्यात, काकडीत, पेरूच्या फोडीवर आणि ताकात वरून पडणारे मीठ त्या चिमटीत मोजलेले नसते. सुकट, बोंबील, खारवलेला बांगडा, भाजलेला पापड यांचेही तसेच. पापडात तर मिठाखेरीज पापडखार असतो आणि तोही सोडियमचाच क्षार आहे. ढोकळ्यातला सोडा आणि चायनीजच्या गाडीवरचा अजिनोमोटो यांतूनही सोडियम येते. जिभेला मात्र ते खारट लागत नाही.

पाकिटावरचे आकडे कसे वाचायचे?

पाकिटावर बहुतेक वेळा ‘मीठ’ नव्हे, ‘सोडियम’ लिहिलेले असते, तेही मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. समजा, नूडल्सच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे १२०० मिलिग्रॅम सोडियम आहे आणि पाकीट ७० ग्रॅमचे आहे. म्हणजे पाकिटात ८४० मिलिग्रॅम सोडियम, अर्थात २.१ ग्रॅम मीठ. दिवसाच्या कोट्यातले ४२ टक्के एका वाडग्यात संपले.

देशाच्या लेबलविषयक नियमांत दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅम सोडियम धरली आहे आणि एका ‘सर्व्हिंग’मधून त्याचा किती टक्के भाग मिळतो हे छापावे लागते. गोम त्या ‘सर्व्हिंग’मध्ये आहे. फरसाणाच्या पाकिटावर सर्व्हिंग ३० ग्रॅमची असेल, तर तेवढ्यावर हात थांबणारा माणूस विरळा. म्हणून टक्केवारीपेक्षा १०० ग्रॅममागचा आकडा पाहावा. साखर, मीठ आणि संपृक्त स्निग्धांशाचे आकडे ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जुलै २०२४ मध्ये मंजुरी देऊन हरकती-सूचना मागवायचे ठरवले होते. मिसळीच्या ताटावर मात्र कोणतेच लेबल नसते.

सैंधव, गुलाबी मीठ की ‘लो सोडियम’?

उपवासाचे सैंधव किंवा गुलाबी मीठ हे बहुतांश सोडियम क्लोराइडच आहे. रंग देणारी खनिजे अगदी किरकोळ प्रमाणात असतात. रक्तदाबाच्या दृष्टीने त्यात फायदा नाही, उलट त्यात बहुधा आयोडीन मिसळलेले नसते. ‘आम्ही सैंधवच वापरतो’ म्हणून सढळ हाताने घालणे तोट्याचे.

कमी सोडियमचे मीठ वेगळे. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो, चव किंचित कडवट लागते आणि किंमत जास्त असते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये घरगुती वापरासाठी त्याची सशर्त शिफारस केली, पण गर्भवती महिला, मुले आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना त्यातून वगळले. रक्तदाबाच्या काही नेहमीच्या गोळ्यांमुळेही शरीरात पोटॅशियम साठते. अशा व्यक्तीने हे मीठ मनाने सुरू केले तर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो. दुकानात जाण्याआधी डॉक्टरांना गोळ्यांची चिठ्ठी दाखवून विचारणे आवश्यक.

फरक पडला हे कळणार कसे?

दंडावर पट्टा बांधायचे डिजिटल यंत्र घेतले तर घरीच मोजता येते. मोजण्याआधी अर्धा तास चहा, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन यावे, खुर्चीला पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसावे. पाय जमिनीवर, एकावर एक नकोत. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत. मोजताना बोलू नये आणि फोनही पाहू नये. मिनिटभराच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस नोंद ठेवावी. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. दवाखान्यातल्या मोजणीसाठी हीच सीमा १४०/९० धरली जाते. पट्टा दंडापेक्षा लहान असेल तर आकडा खोटा वाढतो.

आकडे उतरले म्हणून गोळी आपण होऊन बंद करू नये. ते उतरण्यात गोळीचाही वाटा असतो, मात्रा कमी करायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील. लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांनी मीठ एकदम तोडू नये. रक्तातले सोडियम फार खाली गेले तर गोंधळल्यासारखे होणे, तोल जाणे असे त्रास होतात. जुलाब-उलट्यांत दिले जाणारे ओआरएस हे औषध आहे, ते रक्तदाबाच्या भीतीने टाळू नये. पाण्यात फसफसणाऱ्या ॲसिडिटीच्या पुड्या आणि वेदनाशामक गोळ्यांमध्ये मात्र सोडियमचे प्रमाण बरेच असू शकते. त्या रोज घेतल्या जात असतील तर त्याही मिठाच्या हिशेबात धराव्या लागतात.