कुरणात पडलेली बेगड

सकाळी गुरे घेऊन रानात गेलात आणि तिथे रबराच्या चिंध्या, चांदीसारखी बेगड अन् बारीक काड्या दूरवर पसरलेल्या दिसल्या, तर तुम्ही काय कराल? हातातले काम सोडून कोण थांबतो! अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातील मॅक ब्रेझल हाही थांबला नाही. तो मेंढ्यांच्या मोठ्या कुरणावर कारभारी होता. ही गोष्ट जून १९४७ मधली.

त्याच महिन्याच्या २४ तारखेला केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने आकाशात नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्या आणि देशभर ‘उडत्या तबकड्यां’ची हूल उठली. ब्रेझलच्या कानी हे पडले जुलैत. ७ जुलैला लोकर विकायला तो रॉझवेल गावी गेला, तेव्हा त्याने तिथल्या पोलीसप्रमुखाला हळूच ही हकीकत सांगितली. पोलिसांनी लष्करी विमानतळाला कळवले. मेजर जेसी मार्सेल हे गुप्तवार्ता अधिकारी कुरणावर जाऊन तुकडे घेऊन आले.

८ जुलैला विमानतळाने जाहीर केले, तबकडी हाती लागली! त्याच दिवशी वरच्या कचेरीतून जनरल रॅमी यांनी सांगितले, छे, हा तर हवामान खात्याचा फुगा. एका दिवसात तबकडीचा फुगा झाला आणि ब्रेझलचे हसे झाले.

पण त्याने वार्ताहरांना काय सांगितले ते ऐका. सगळा माल मिळून जेमतेम सव्वादोन किलो भरेल. त्यात यंत्र नाही, उलट फुले छापलेली चिकटपट्टी आहे. मात्र हवामानाचे फुगे मला पूर्वी दोनदा सापडले आहेत, हे तसे नाही. यापुढे बॉम्बखेरीज काहीही सापडले तरी आपण तोंड उघडणार नाही, असेही तो वैतागून म्हणाला.

मेंढपाळाची नजर चुकली नव्हती. १९९४ साली अमेरिकेच्या हवाई दलाने अहवाल काढला. ते तुकडे बहुधा ‘मोगल’ नावाच्या गुप्त योजनेचे होते. एकाखाली एक बांधलेल्या फुग्यांची लांबलचक माळ, तिला रडारवर दिसावेत म्हणून बेगडीचे पतंग, आणि रशियाच्या अणुस्फोटाचा आवाज उंचावर टिपणारी यंत्रे. पतंगांना लावलेली फुलांची पट्टी खेळणी बनवणाऱ्या कारखान्याची! ब्रेझल १९६३ सालीच वारला होता.

आपल्याकडेही असे घडू शकते. हैदराबादेहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे प्रचंड फुगे सुटतात आणि त्यांची उपकरणे छत्रीने महाराष्ट्राच्या काही जिल्ह्यांतही उतरतात. शेतात असे काही सापडले, तर उघडू नका, ओढू नका. त्यावर पत्ता लिहिलेला असतो. जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. संस्थेची माणसे येऊन घेऊन जातात आणि सापडवणाऱ्याला बक्षीसही देतात.