मॅकॉय : दलदलीवर बांधलेलं मैदान

अमेरिकेच्या ईशान्येला ऱ्होड आयलंड नावाचं चिमुकलं राज्य आहे. त्याची राजधानी प्रॉव्हिडन्स आणि तिला खेटून पॉटकेट. १७९३ साली सॅम्युअल स्लेटरनं इथल्या ब्लॅकस्टोन नदीच्या पाण्यावर सूतगिरणी चालवली. अमेरिकेतल्या कापडधंद्याची ती सुरुवात मानतात. पुढे गिरण्या दक्षिणेकडे गेल्या आणि गाव मागे राहिलं. पण तोवर गावाला एक खटपट्या महापौर मिळाला होता, थॉमस मॅकॉय. सुरुवातीला ट्रामवर नोकरी केलेला हा गडी मंदीच्या काळात सत्तेवर आला आणि रूझवेल्ट सरकारच्या रोजगार योजनेचा पैसा कसा खेचायचा हे त्याला पक्कं उमगलं. त्या पैशातून त्यानं बेसबॉलचं स्टेडियम बांधायला घेतलं, तेही एका तळ्याच्या दलदलीवर! भराव टाकावा तितका खाली जाई. एक अख्खा ट्रक चिखलानं गिळल्याची गोष्ट गावात आजही सांगतात. खर्च दहा लाख डॉलरच्या पुढे गेला आणि विरोधकांनी त्याला ‘मॅकॉयचा मूर्खपणा’ असं नाव ठेवलं. १९४२ मध्ये मैदान खुलं झालं. १९४५ मध्ये मॅकॉय वारला आणि पुढच्या वर्षी मैदानाला त्याचंच नाव दिलं गेलं.

इथे मायनर लीगचा व्यवहार समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. मोठ्या संघांच्या हाताखाली छोट्या गावांत पायरीपायरीनं संघ असतात. खेळाडूंचा करार आणि पगार मोठ्या संघाकडे. कोण वर जाणार, कोण घरी, हेही तेच ठरवतात. गावातल्या संघमालकाच्या हाती उरतं ते तिकीट, खाणंपिणं आणि जाहिरातींचे फलक. आज ज्याच्या नावानं टाळ्या पडल्या, तो उद्या विमानानं दुसऱ्या शहरात गेलेला असू शकतो. म्हणजे मालक विकतो ती फक्त उन्हाळ्यातली एक संध्याकाळ. आणि मैदान बहुधा नगरपालिकेचं, संघ त्यात बिऱ्हाडकरू.

मॅकॉय मैदानानं अशी बिऱ्हाडं बरीच पाहिली. १९४६ ते ४९ बॉस्टन ब्रेव्ह्जच्या हाताखालचा ‘स्लेटर्स’, साठच्या दशकात दोन वर्षं क्लीव्हलंडचा संघ, १९७० पासून बॉस्टन रेड सॉक्सचा. १९७३ मध्ये त्याच्या जागी सर्वांत वरच्या पायरीचा, ‘ट्रिपल-ए’चा संघ आला आणि १९७६ च्या हंगामानंतर तो दिवाळखोरीत निघाला. तेव्हा तो घेतला बेन मॉन्डॉर यानं. मोडकळीला आलेल्या कापडगिरण्या घेऊन त्या सावरण्यात पैसा कमावलेला हा निवृत्त गिरणीमालक. बेसबॉलच्या धंद्यात तो नवखा होता, पण नादुरुस्त माल ओळखण्यात मुरलेला. त्यानं मैदान साफ केलं, तिकीट स्वस्त ठेवलं, कुटुंबं यावीत असं वातावरण केलं. २००५ च्या हंगामात पावणेसात लाखांहून जास्त प्रेक्षक आले.

मैदानाच्या रचनेतही एक गंमत होती. इथले डगआउट, म्हणजे खेळाडू बसतात ती जागा, प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेच्या थेट खाली होते. त्यामुळे सही घ्यायला हात पोचत नसे. मग पोरं दुधाचा प्लॅस्टिकचा कॅन कापून त्यात चेंडू आणि पेन ठेवत आणि दोरीनं खाली सोडत. सही झाली की दोरी वर. याला तिथे सह्यांची मासेमारीच म्हणत.

पण मॅकॉयचं नाव जगभर झालं ते एका सामन्यानं. १८ एप्रिल १९८१, ईस्टरच्या आदला शनिवार. रोचेस्टर रेड विंग्ज विरुद्ध पॉटकेट रेड सॉक्स, म्हणजे मॉन्डॉरचा संघ. बेसबॉलमध्ये सामना नऊ डावांचा, आणि बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत खेळत राहायचं. दिवे बिघडल्यानं अर्धा तास उशिरा सुरू झालेला हा सामना नवव्या डावात १-१ झाला. एकविसाव्यात रोचेस्टरनं आघाडी घेतली आणि पॉटकेटच्या वेड बॉग्जनं फटका मारून सामना पुन्हा बरोबरीत आणला. आपल्याच संघाची झोप मोडणारा असा फटका क्वचित पाहायला मिळतो! रात्री १२.५० नंतर नवा डाव सुरू करायचा नाही असा लीगचा नियम, पण त्या वर्षी पंचांच्या पुस्तिकेत तो छापायचाच राहिला होता. छापलेलं नाही म्हणून पंच थांबेनात. थंडी इतकी, की खेळाडू तुटलेल्या बॅटी पिंपात जाळून शेकत होते. अखेर लीगच्या अध्यक्षांना फोनवर गाठलं आणि पहाटे ४.०७ ला, बत्तीस डावांनंतर, २-२ वर खेळ थांबला. १,७४० प्रेक्षकांपैकी उरले होते १९.

उरलेला भाग २३ जूनला झाला. तेव्हा मोठ्या लीगचे खेळाडू संपावर होते, त्यामुळे देशभरचे पत्रकार रिकामेच होते. ते सगळे पॉटकेटला धावले. स्टेडियम भरलं आणि तेहतिसाव्या डावात, अठरा मिनिटांत सामना संपला. डेव्ह कोझाच्या फटक्यावर मार्टी बॅरेट धाव पुरी करत होम प्लेटवर पोचला आणि पॉटकेट ३-२ नं जिंकलं. एकूण वेळ ८ तास २५ मिनिटं. व्यावसायिक बेसबॉलमधला हा सर्वांत लांबलेला सामना. त्या रात्री खेळलेले बॉग्ज आणि रोचेस्टरचा कॅल रिपकन पुढे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले. विजयी फटका मारणारा कोझा मात्र मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. मला तर या मैदानाचा खरा नायक तोच वाटतो.

१९९९ मध्ये नूतनीकरण झालं, बसायच्या जागा दहा हजारांवर गेल्या. २०१० मध्ये मॉन्डॉर वारला. २०१५ मध्ये त्याच्या पत्नीनं संघ विकला आणि नव्या मालकांनी लगेच नव्या स्टेडियमची भाषा सुरू केली, आधी प्रॉव्हिडन्समध्ये, मग पॉटकेटमध्येच. सरकारी मदत हवी होती. पण ऱ्होड आयलंडचे करदाते ताकही फुंकून पीत होते. रेड सॉक्सचा माजी पिचर कर्ट शिलिंग याच्या व्हिडिओ गेम कंपनीला राज्यानं २०१० मध्ये साडेसात कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली होती आणि दोन वर्षांत ती कंपनी बुडाली होती. त्यामुळे विधिमंडळानं राज्याच्या डोक्यावर धोका येणार नाही असा बदल करून विधेयक मंजूर केलं, आणि मालकांना ते परवडेना. ऑगस्ट २०१८ मध्ये संघ मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला जाणार असं जाहीर झालं. तिथलं पोलर पार्क सुमारे १६ कोटी डॉलर खर्चून २०२१ मध्ये उघडलं.

२०२० चा हंगाम पॉटकेटचा निरोपाचा ठरायचा होता. करोनानं तो गिळला. निरोपाचा सामना झालाच नाही. त्या उन्हाळ्यात मैदानावर टेबलं मांडून लोकांना जेवायला बोलावलं, आणि आवारात करोना चाचण्याही झाल्या. नंतर गवत वाढलं. २०२२ मध्ये मतदारांनी दोन हायस्कुलं एकत्र करून नवी शाळा बांधायला कर्जरोखे मंजूर केले. जागा ठरली मॅकॉयचीच. २०२४ मध्ये आतलं सामान लिलावात गेलं आणि २०२५ मध्ये पाडकाम झालं.

दरम्यान नदीकाठी फुटबॉलचं नवं स्टेडियम उभं राहिलं, मे २०२५ मध्ये तिथे खेळ सुरू झाला. त्यालाही सरकारी रोख्यांचा पैसा लागलाच. राज्याच्या वाणिज्य मंडळात त्यावर समसमान मतं पडली, तेव्हा गव्हर्नरांनी आपलं मत टाकून ठराव ६ विरुद्ध ५ असा पार पाडला.